लातूरचे वकील, नांदेडचे तहसीलदार

गेल्या वर्षी 17 सप्टेंबरला शाळेतून घरी आल्यावर माझ्या सातवीतल्या मुलीने दप्तर खाली ठेवायच्या आतच विचारलं, "अब्बू, रझाकार आपले कोण लागतात?"

शाळेत मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन होतं. भाषणं झाली, नाटुकलं झालं. नाटुकल्यात लांब दाढीचा, तुर्की टोपीचा एक रझाकार होता. मधल्या सुट्टीत वर्गातल्या एका मुलाने हिला त्याच नावाने हाक मारली. मुलगा वाईट नाही, आमच्या घरी ईदचा शीरखुर्मा खाऊन गेलेला आहे. पण हाक मारली खरी.

मी तिला काहीतरी उत्तर दिलं. "आपला त्यांच्याशी संबंध नाही," एवढंच. ते उत्तर मलाच पटलं नाही. संबंध नाही म्हणावं तर आमच्या घरात आजही काळाची मोजदाद पोलीस अ‍ॅक्शनने होते. अमुक लग्न पोलीस अ‍ॅक्शनच्या अगोदरचं, तमुक शेत पोलीस अ‍ॅक्शनमध्ये गेलं. अम्मींना स्वतःची जन्मतारीख ठाऊक नाही, पण "अ‍ॅक्शनच्या वक्ताला मी आठ-नऊ वर्षांची" हे ठाऊक आहे. त्यापुढे मात्र त्या बोलत नाहीत. मराठवाड्यातल्या बहुतेक मुस्लिम घरांत असंच असतं. शेजारी त्या दिवसांबद्दल मोठ्याने बोलतो आणि आपण गप्प बसतो. मग मुलांना जे कळतं ते नाटुकल्यातून.

म्हणून या वर्षी मी थोडं वाचायला घेतलं. वाचताना दोन माणसं पुन्हा पुन्हा समोर येत राहिली. एक लातूरचे वकील, एक नांदेड जिल्ह्यातले तहसीलदार. दोघेही मुसलमान, दोघेही निजामाच्या राज्यात शिकले-सवरलेले. पहिल्याचं नाव प्रत्येकाला माहीत आहे. दुसऱ्याचं मलाही माहीत नव्हतं.

आधी त्या वेळचं लातूर डोळ्यांसमोर आणायला हवं. तेव्हा ते जिल्ह्याचं ठिकाण नव्हतं. उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता, लातूर जिल्हा झाला 1982 साली. पण बाजारपेठ मोठी. 1917 साली फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने आखलेली गंजगोलाई आजही शहराच्या मध्यावर आहे आणि 16 रस्ते तिथे येऊन मिळतात. कापूस, तेलबिया, धान्य. कच्छी मेमन व्यापाऱ्यांच्या पेढ्या, लिंगायत आणि मारवाडी अडते, हमाल, विणकर, टांगेवाले. अशा गावात वकिलाला काम भरपूर असतं. सय्यद मोहम्मद कासिम रझवी यांनी इथेच वकिली केली.

रझवींचा जन्म 1902 चा. शिक्षण अलीगढचं, कायद्याची पदवीही तिथलीच. शाळेच्या पुस्तकात त्यांना "तो" म्हणतात, आणि आमच्याकडच्या जुन्या लोकांच्या तोंडी कुठे कुठे "रझवी साहब" येतं. मी "ते" लिहितो आहे, ती फक्त लिहिण्याची रीत समजा. 1938 पासून मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीनची सूत्रं नवाब बहादूर यार जंग यांच्याकडे होती. ते विलक्षण वक्ते होते. त्यांच्या प्रभावाखाली रझवी मजलिसमध्ये आले. आपली सगळी मालमत्ता त्यांनी मजलिसला देऊन टाकली असं सांगितलं जातं आणि त्यावरून त्यांना "सिद्दीक-ए-दक्कन" हा किताब मिळाला. 1944 मध्ये बहादूर यार जंग अचानक वारले. दोन वर्षांत मजलिसचं अध्यक्षपद लातूरच्या या वकिलाकडे आलं.

मजलिसचा मुख्य विचार एका शब्दात मावत होता: अनल मलिक. मी राजा आहे. म्हणजे हैदराबादची सत्ता निजाम या एका माणसाची नाही, ती राज्यातल्या प्रत्येक मुसलमानाची आहे आणि निजाम तिचं प्रतीक आहे. आज हे वाचताना हसू येईल. पण टांगा हाकणाऱ्याला, कचेरीतल्या शिपायाला, मागावर पाठ मोडणाऱ्या मोमिनाला कोणी सांगितलं की तूही राजा आहेस, तर त्याला काय वाटलं असेल? मराठवाड्यातला मुसलमान जहागीरदार नव्हता. जहागिरी थोड्यांच्या. बाकीच्यांकडे गरिबी होती, आणि फार तर पोलीस किंवा महसूल खात्यातली छोटी नोकरी. राज्यात शंभरात बारा-तेरा मुसलमान आणि पंचाऐंशीच्या आसपास हिंदू. सरकारी नोकऱ्यांत मात्र प्रमाण उलटं. उद्या मतदान आलं तर या नोकऱ्यांचं काय, उर्दूचं काय, आपलं काय, ही भीती खरी होती. रझवींनी ती भीती निर्माण केली नाही. त्यांनी तिला गणवेश घातला.

अशी भीती त्या काळात फक्त आपल्याकडे होती असंही नाही. पश्चिम आफ्रिकेत, उत्तर नायजेरियात इंग्रजांनी सोकोटोचे सुलतान आणि इतर अमीर यांना तसंच राखलं होतं जसं इथे निजामाला. इंग्रज जाणार म्हटल्यावर तिथल्या मुस्लिम नेत्यांपुढेही प्रश्न उभा राहिला. दक्षिणेकडचे लोक इंग्रजी शिक्षणात पुढे, आपण मागे, एकत्र राज्यात आपलं काय होणार? सोकोटोच्या राजघराण्यातले अहमदू बेलो आणि बौचीचे शाळामास्तर अबूबकर तफावा बलेवा यांनी घाई करू नका म्हणून 1953 मध्ये स्वातंत्र्याची तारीख ठरवण्याला विरोध केला. पण नंतर ते वाटाघाटीला बसले, प्रांताचे अधिकार मागून घेतले, निवडणुका लढवल्या. 1960 मध्ये नायजेरिया स्वतंत्र झाला तेव्हा बलेवा पंतप्रधान होते आणि बेलो उत्तर प्रांताचे प्रमुख. त्यांचाही शेवट चांगला झाला नाही. जानेवारी 1966 च्या लष्करी उठावात दोघे मारले गेले आणि पुढे त्या देशाने यादवी पाहिली. तेव्हा वाटाघाटी केल्या की सगळं सुरळीत होतं असं मी म्हणत नाही. पण वाटाघाटीचं एक दार असतं, ते त्यांनी उघडून पाहिलं.

हैदराबादेत हे दार रझवींनी बंद केलं, अगदी शब्दशः. ऑक्टोबर 1947 मध्ये निजामाचं शिष्टमंडळ भारत सरकारशी 'जैसे थे' करार करायला दिल्लीला निघणार होतं. पंतप्रधान छतारीचे नवाब, निजामाचे इंग्रज सल्लागार वॉल्टर माँक्टन आणि सर सुलतान अहमद. 27 ऑक्टोबरच्या पहाटे रझवींच्या हजारो माणसांनी त्यांच्या घरांना वेढा घातला. शिष्टमंडळ निघू शकलं नाही. छतारींनी राजीनामा दिला. करार शेवटी 29 नोव्हेंबरला झालाच, पण तोवर राज्याची सूत्रं कोणाच्या हातात आहेत हे सगळ्यांना दिसलं होतं. नवे पंतप्रधान मीर लायक अली मजलिसला चालणारे होते. रझवींची भाषणं वाढत गेली. दिल्लीच्या लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा फडकवण्याची भाषा वर्तमानपत्रांत छापून आली. भाषण हैदराबादेत व्हायचं आणि त्याचा परिणाम नायगाव-बिलोलीकडच्या एखाद्या खेड्यातल्या चार मुस्लिम घरांना भोगावा लागायचा, कारण शेजारी ती वर्तमानपत्रं वाचत होते.

आणि रझाकारांनी काय केलं ते आपण सांगितलं नाही तर बाकी काही सांगण्याचा आपल्याला हक्क राहत नाही. गावागावांवर त्यांनी दरमहा पैसे बसवले. दिले तर ठीक, नाही दिले तर लूट, जाळपोळ, खून, बायकांवर अत्याचार. नांदेड जिल्ह्यात बिलोली तालुक्यातल्या अर्जापूरजवळ ऑक्टोबर 1946 मध्ये स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांना ठार मारण्यात आलं. कंधार भागात कल्हाळीच्या गढीला वेढा पडला आणि आतली माणसं लढत मेली. ही नावं नांदेडच्या हिंदू घरांत आजही घेतली जातात. ती आपल्याही घरात माहीत असायला हवीत. अर्जापूरचं स्मारक मी इतकी वर्षं बिलोलीच्या रस्त्याने जाताना फक्त पाटीवर वाचलं होतं.

इथे ते दुसरे गृहस्थ येतात. मोहम्मद फरीद मिर्झा. नांदेड जिल्ह्यात तहसीलदार होते. त्या काळातल्या तहसीलदाराचा रुबाब आज सांगूनही कळणार नाही. तालुक्याचा महसूल, न्याय, बंदोबस्त, सगळं त्याच्या हाती. मुस्लिम राज्य, मुस्लिम अधिकारी, वरच्या सगळ्या साखळीत आपलीच माणसं. गप्प राहिले असते तर बढती होती. रझाकारांचा जुलूम त्यांनी आपल्या भागात स्वतः पाहिला आणि त्याच्या निषेधार्थ नोकरीचा राजीनामा दिला. पुढे त्यांनी त्या दिवसांत जे पाहिलं, जे वाटलं आणि जे केलं त्याची एक छोटी पुस्तिका इंग्रजीत लिहिली.

सूरह निसामध्ये ईमानवाल्यांना सांगितलं आहे की न्यायासाठी ठाम उभे राहा, साक्ष स्वतःविरुद्ध, आई-वडिलांविरुद्ध, नातेवाइकांविरुद्ध जाणारी असली तरी. जुम्म्याच्या बयानात हे आपण अनेकदा ऐकतो. ऐकताना मला ते नेहमी दूरच्या काळातलं, सहाबांच्या काळातलं वाटायचं. नांदेड जिल्ह्यातल्या एका तहसील कचेरीत हे घडलं होतं हे कळायला वयाची पन्नाशी उलटावी लागली.

फरीद मिर्झा राजीनामा देऊन घरी बसले नाहीत. ऑगस्ट 1948 मध्ये बाकर अली मिर्झा, मुल्ला अब्दुल बासित आणि त्यांच्यासह सात मुसलमानांनी एक जाहीर निवेदन काढलं. रझाकार संघटना बंद करा आणि भारतात सामील व्हा, असं त्यात म्हटलं होतं. ही सगळी सरकारी सेवेत किंवा सार्वजनिक जीवनात नाव असलेली माणसं होती. हैदराबाद शहरात, रझाकारांच्या ऐन भराच्या दिवसांत, स्वतःच्या सहीने हे लिहिणं म्हणजे काय याचा विचार करा.

हे निवेदन "इमरोज" या उर्दू दैनिकाने छापलं. त्याचे संपादक शोएबुल्लाह खान, उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर, वय अवघं 27. 1948 च्या ऑगस्टमध्ये 21 तारखेच्या रात्री ते कचेरीतून घरी निघाले असताना रस्त्यात त्यांच्यावर हल्ला झाला. गोळ्या घातल्या, लिहिणारा हात तोडला. सोबतचे मेहुणे जखमी झाले. शोएबुल्लाह काही तासांनी वारले. अल्लाह त्यांना जन्नत नसीब करो. मुसलमानांच्या रक्षणाच्या नावाने उभी राहिलेली संघटना आणि तिच्या दहशतीचा हा बळी पाच वक्ताचं नाव घेणाऱ्या घरातला मुलगा. रझाकार म्हणजे मुसलमान असं सांगणाऱ्या नाटुकल्यात शोएबुल्लाह खान कुठेच नसतात. आणि आपणही त्यांना तिथे आणून बसवलेलं नाही.

त्यानंतर तीन आठवड्यांत भारतीय सैन्य आलं. 13 सप्टेंबरला सोलापूरकडून नळदुर्गच्या रस्त्याने रणगाडे आत शिरले. रझवींची सेना, जिच्या संख्येचे मोठमोठे आकडे सांगितले जात होते, आधुनिक फौजेपुढे पाच दिवस टिकली नाही. 17 सप्टेंबरला निजामाने रेडिओवरून शरणागती जाहीर केली. राजवट संपली, आणि जनतेच्या दृष्टीने ती संपायलाच हवी होती. स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जबाबदार राज्यपद्धतीसाठी जे सोसलं ते खोटं नव्हतं. आज नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे आणि लातूरची आपली मुलंमुलीही त्याच विद्यापीठाच्या पदव्या घेतात.

पण 17 तारखेच्या पुढचे दिवस भाषणांत येत नाहीत. रझाकारांनी पेरलेल्याची फळं ज्यांनी पेरलं नव्हतं त्यांच्या दारात आली. बातम्या दिल्लीला पोचल्यावर पंडित नेहरूंच्या सांगण्यावरून एक सदिच्छा मंडळ हैदराबाद राज्यात फिरलं. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री. काझी साहेब हे हैदराबादच्या "पयाम" या उर्दू दैनिकाचे संस्थापक, राष्ट्रीय विचारांचे. नोव्हेंबरच्या अखेरीपासून 21 डिसेंबर 1948 पर्यंत हे तिघे 16 पैकी 9 जिल्ह्यांत फिरले. त्यांच्या अहवालाचा अंदाज असा की पोलीस अ‍ॅक्शनच्या वेळी आणि नंतर राज्यात कमीत कमी 27 ते 40 हजार माणसं मारली गेली. सर्वात जास्त झळ चार जिल्ह्यांना: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. या चार जिल्ह्यांतच 18 हजार.

लातूरबद्दल त्यांनी वेगळं लिहिलं आहे. हे रझवींचं गाव होतं, हे तिथल्या हत्याकांडाचं एक कारण, आणि श्रीमंत कच्छी व्यापाऱ्यांच्या पेढ्या हे दुसरं. कत्तल वीस दिवसांहून जास्त चालली. गावात मुसलमान सुमारे दहा हजार होते. मंडळ पोचलं तेव्हा जेमतेम तीन हजार उरले होते. हजारावर मारले गेले, बाकीचे जीव घेऊन पळाले.

त्याच अहवालात आणखीही गोष्टी आहेत आणि त्या गाळणं म्हणजे रझवींचाच धडा गिरवणं. भारतीय सैन्याची शिस्त एकंदर चांगली होती आणि अनेक ठिकाणी सैन्याने मुसलमानांना वाचवलं, असं त्यात आहे. काही ठिकाणी सैनिक आणि स्थानिक पोलीस लुटीत सामील होते, हेही आहे. आणि असंही आहे की जागोजागी हिंदूंनी मुसलमान शेजाऱ्यांना जिवावर उदार होऊन वाचवलं. विशेषतः हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना, काहींनी तर स्वतःचा जीव देऊन. पळवून नेलेल्या बायका परत आणायलाही हिंदूंनी मदत केली. एका धंद्यातली माणसं एकमेकांसाठी उभी राहिली. मागाचा खड्डा एकच असतो, सुताचा भाव एकच असतो.

सरदार पटेलांना हा अहवाल मान्य झाला नाही. तो प्रसिद्धही झाला नाही. कित्येक दशकांनी तो अभ्यासकांच्या हाती आला आणि छापला गेला.

आता प्रश्न असा की ज्यांनी हे सगळं घडवलं ते कुठे गेले. निजाम मीर उस्मान अली खान 1950 पासून 1956 पर्यंत हैदराबाद राज्याचे राजप्रमुख होते, मोठ्या तनख्यासह. लायक अली नजरकैदेत होते, 1950 मध्ये तिथून निसटून पाकिस्तानात पोचले. रझवींवर खटले चालले. शोएबुल्लाह खान खुनाच्या खटल्यात ते अपिलात सुटले. बीबीनगरच्या दरोडा प्रकरणात मात्र 7 वर्षांची सक्तमजुरी झाली आणि ती सुप्रीम कोर्टापर्यंत कायम राहिली. पुण्याच्या येरवडा तुरुंगात ते होते. सप्टेंबर 1957 मध्ये सुटले ते पाकिस्तानला निघून जाण्याच्या अटीवर. जाण्याआधी हैदराबादला येऊन मजलिसची सूत्रं वकील अब्दुल वाहिद ओवेसी यांच्याकडे दिली आणि कराचीला गेले. 1970 च्या जानेवारीत तिथेच वारले. मजलिसचं पुढचं राजकारण हा वेगळा विषय आहे, त्यात मी शिरत नाही.

लातूरच्या हमालाला, विणकराला, विधवेला कराची कुठून मिळणार? तो सोलापूरला पळाला, वेशीबाहेरच्या शेतात लपला, आणि जमलं तेव्हा परत आला. परत आल्यावर त्याच शेजाऱ्यांबरोबर, त्याच बाजारात त्याला जगायचं होतं. म्हणून तो बोलला नाही. गप्प राहणं हा त्याच्या जगण्याचा भाग होता आणि मी त्याला दोष देत नाही. पण आता सत्तर-पंच्याहत्तर वर्षं झाली. बोललो नाही तर आपल्या मुलांच्या वाट्याला एक रझवी तेवढे येतात, फरीद मिर्झा येत नाहीत.

या सगळ्याची टिपणं मी एका वहीत काढली होती. एका रात्री जेवणानंतर मुलीला वाचून दाखवली. ती मध्ये मध्ये प्रश्न विचारत होती. तहसीलदार म्हणजे कोण, राजीनामा दिल्यावर घरी पैसे कुठून आले, शोएबुल्लाह खानांना मुलं होती का. काहींची उत्तरं मला देता आली नाहीत. अम्मी पलंगावर तस्बीह घेऊन बसल्या होत्या. ऐकत आहेत की नाही कळत नव्हतं. लातूरचा आकडा आला, दहा हजारांतले जेमतेम तीन हजार, तेव्हा त्यांची बोटं थांबली.

"हमे भी उसमेंच थे," त्या म्हणाल्या.

मुलगी उठून त्यांच्या पलंगावर जाऊन बसली. मी वही मिटली आणि दिवा तसाच राहू दिला.